पाठची टाकी

"बाबा आज पुन्हा पलीकडे गेले."

माझा नवरा न्याहारीला बसला की हे वाक्य आधी वाढून घ्यायचा, मासा नंतर. आमच्या खिडकीतून नदी दिसते. फेरीबोटीत काळी उंच टोपी दिसली की त्याचा घास ताटलीत परत यायचा.

"जाऊ दे ना. म्हातारं माणूस, फिरून येतं."

"फिरायला ह्या काठावर रस्ते नाहीत?"

"तिकडे भट्ट्या आहेत. ऊब असते."

"ऊब!" तो म्हणाला, आणि थंड झालेला मासा खात राहिला.

*

नदी एक, काठ दोन, कारखाना एक: थर्लवे.

वेअर नदीच्या उत्तर काठावर आम्ही बोटींची धडं बांधतो, दक्षिण काठावर इंजिनं. धड पाण्यात उतरलं की ओढत पलीकडे न्यायचं, तीन पायांच्या उंच यारीखाली उभं करायचं आणि वरून त्याच्या पोटात इंजिन सोडायचं. माझ्या सासऱ्यांनी, कथबर्ट थर्लवे यांनी, पहिली बोट भाड्याच्या चिखलात, उसन्या करवतींनी, ओकच्या लाकडाची बांधली. मग लाकूड गेलं, लोखंड आलं. लोखंड गेलं, पोलाद आलं. शिडं उतरली, धुराडी चढली. थोरल्याला, माझ्या मथायसला, त्यांनी धड दिलं. धाकटा ऑस्विन लहानपणापासून घरातली घड्याळं उघडून बसणारा. त्याला पलीकडचा काठ दिला.

कारखान्याचा इतिहास विचारायला कोणी आलं की त्याला जेवणाच्या खोलीत नेतात. भिंतीवर बोटी टांगल्या आहेत. अर्ध्या. बोट बांधायच्या आधी तिचं एका बाजूचं अंग लाकडात कोरतात, उभ्या चिरलेल्या माशासारखं, आणि त्यावरून खरी बोट आखतात. वरच्या रांगा बाबांच्या हातच्या, खालच्या मथायसच्या. ऑस्विनचं त्या भिंतीवर काही नाही. इंजिन टांगता येत नाही.

"म्हणून त्यानं बाबांनाच टांगून घेतलंय," मथायस म्हणाला.

*

आमच्या नदीवर घरच्या माणसाच्या नावाआधी 'आमचा' लावायची रीत आहे. बाबा जेवताना म्हणायचे, "आमचा ऑस्विन सांगत होता, नवी झडप लोण्यासारखी सरकते." आणि मग, "मथायस, मीठ दे."

मी मीठ पुढे करायचे. मथायस मला टेबलाखालून पायानं थांबवायचा. त्याला स्वतःच्या हातानं द्यायचं असायचं.

*

पूर्वी असं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हा बाबा रोज सकाळी बांधणीतल्या बोटीखालून चालत जायचे, तळहात तिच्या अंगावरून फिरवत, घोड्याला थोपटावं तसा. नदीपलीकडून नुसतं बघून सांगायचे, "नाकावर कललीय. बोटभर." माणसं जाऊन मोजायची. बोटभरच निघायचं.

मग ऑस्विननं नवं इंजिन आखलं, एकाच वाफेला तीनदा राबवून घेणारं. आधी छोट्या नळकांड्यात, मग मधल्यात, मग मोठ्यात. वाफ थकून बाहेर पडेपर्यंत सुटका नाही. बाबा सहज बघायला म्हणून गेले ते तिथलेच झाले. डबा घेऊन जायचे, उलट्या बादलीवर बसून खायचे.

"पोलादाला हात लावला की गार लागतं," ते एकदा मला म्हणाले. "आमच्या ऑस्विनचं यंत्र श्वास घेतं गं."

मी हे नवऱ्याला सांगितलं नाही. गावात सांगायला दुसरे पुष्कळ होते.

*

प्रार्थना आटोपून आलेला रविवार. भाजलेलं मांस, वाटाण्याचा घट्ट गोळा. बाबांनी सुरी खाली ठेवली.

"बार्बरा समुद्रावर धावली की मी बाजूला होणार."

बार्बरा म्हणजे त्या वेळी बांधणीत असलेली बोट. मंदीचे दिवस होते, गिऱ्हाईक नव्हतं, पण माणसं घरी बसवायची नाहीत म्हणून आम्ही ती आमच्याच हिमतीवर बांधत होतो. नाव माझ्या गेलेल्या सासूबाईंचं.

"दोन काठांना एकच मालक हवा," बाबा म्हणाले. "दोघांनी दोन बाजूंना ओढलं की दोरच तुटतो. कोण ते चाचणी झाल्यावर सांगेन."

"त्यात सांगायचं काय?" मथायस हसून म्हणाला. हसू चेहऱ्यावर नीट बसलं नव्हतं. "थोरला मी आहे."

"हो. जन्माची तारीख मला पाठ आहे."

ऑस्विन म्हणाला, "बाबा, वाटाणे घ्या ना अजून."

*

त्या आठवड्यात मथायसनं बोलून न दाखवलेल्या गोष्टी:

की लहानपणी ऑस्विनला गोवर झाला तेव्हा बाबा त्याच्या उशाशी बसून होते, आणि नंतर मथायसला गोवर झाला तेव्हा बोट उतरवायची होती.

की पत्र्याची प्रत्येक रांग, प्रत्येक वळण त्यानं असं आखलंय की पाण्याला कळूही नये आपल्यातून कोणी गेलं, आणि हे बघायला

की लोक आता बोट घ्यायला येतात तेव्हा "इंजिन कुणाचं?" विचारतात.

की

*

मी एक सांगते. माझे वडील कोळशाच्या बोटींवर कप्तान. लग्नाआधी माझ्याकडे बघणारे बरेच होते. लग्नानंतरही, आमच्याकडे जेवायला आलेला एक नॉर्वेचा कप्तान अख्खी संध्याकाळ माझ्या शेजारी बसून माझ्या डोळ्यांबद्दल बोलत होता. मथायस समोरच होता. ऑस्विन बाबांना काय सांगतोय ते ऐकत होता.

नवरा मत्सरी आहे असं बायका तक्रारीच्या सुरात सांगतात. माझ्या नवऱ्यासारखा मत्सर मी कुणात पाहिला नाही, आणि त्यातला एक थेंबही माझ्या वाट्याला आला नाही. मला ऑस्विनचा राग यायचा तो ह्यासाठी.

*

चाचणीच्या दिवशी बोटीत माल नसतो. ती हलकी तरंगते. म्हणून तळाच्या टाक्यांत पाणी भरून तिला खाली बसवतात. बोट ढकलणारा मागचा पंखा नीट बुडावा म्हणून पाठची टाकी भरावीच लागते. हे काम धडवाल्यांचं, म्हणजे मथायसचं.

मी धक्क्यावर त्याच्या मागे उभी होते, टोपीची रिबीन बांधत. टेट मिस्त्री फळीवरून खाली आला.

"पाठची टाकी अर्धीच भरलीय, मालक. पंप चालू ठेवू ना?"

"बंद कर."

"शेपूट वर राहील हिचं."

"राहू दे."

"पंखा अर्धा हवेत फिरेल. इंजिन उगाच थयथयाट करेल."

"टेट, मी बहिरा नाही."

"धाकटे मालक विचारतील."

"भरली म्हणून सांग."

"आणि म्हाताऱ्या मालकांनी विचारलं तर?"

मथायसनं नदीकडे बघितलं. "त्यांना विचारावं लागत नाही. त्यांना दिसतं."

टेट गेला. मी रिबीन सोडून पुन्हा बांधली.

"तू वेडा झालास का?"

"वारा सुटलाय, थॉमसिन. शाल घे."

बाबा घोडागाडीतून उतरले. बोटीजवळ टेटशी काहीतरी बोलले. टेटनं मान डोलावली. मग ते काठी टेकत फळी चढले आणि सरळ खाली गेले, इंजिनाकडे. मथायस हात पाठीमागे बांधून उभा होता. 

"बघितलं सुद्धा नाही," तो म्हणाला.

*

बार्बरा धावली नाही. थरथरली.

किनाऱ्यावर खुणेचे खांब आहेत. एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत एक मैल. वाऱ्याबरोबर गेलो, वाऱ्याविरुद्ध आलो. मागे पंखा पाणी कापायचं सोडून फेस घुसळत होता. बशीतले कप एकमेकांना धडका देत होते. कार्डिफहून बोट घ्यायच्या विचारानं आलेले मिस्टर प्रॉसर कठड्याला धरून म्हणाले, "मिस्टर थर्लवे, ही धावतेय की नाचतेय?"

"इंजिन नवीन आहे," मथायस म्हणाला. "माझ्या भावाचं."

"बहिरी व्हायची वेळ आली," त्यांची बायको म्हणाली.

ऑस्विन वर आला तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा होता. त्यानं शेपटाकडे बघितलं. पाण्याकडे बघितलं. मग मथायसकडे, जरा जास्तच वेळ.

"माझा पंखा चुकला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "धड उत्तम आहे. दोष माझा."

मथायस ह्याच वाक्यासाठी पहाटेपासून उभा होता. आता बाबा वर येतील, मान हलवतील, धाकट्याकडे नाराज नजरेनं बघतील. आम्ही वाट बघत राहिलो. बाबा वर आले नाहीत. परतीचा सगळा वेळ ते खाली, त्या धगीत, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. चहा द्यायला गेलेल्या बाईनं सांगितलं.

*

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केलास," मी दुपारी घरी म्हणाले. "बोट तुझीसुद्धा आहे."

"इंजिन त्याचं आहे."

"आणि आईचं नाव लिहिलंय तिच्यावर."

"तिला मी आवडायचो," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस, पन्नाशीला टेकलेला, दाढी पांढरी.

*

आजारी पोराजवळ बसावं तसे बाबा आता त्या इंजिनाजवळ बसू लागले. आधी फक्त सकाळी जायचे, आता दिवसभर. मग आमच्या मोलकरणीला निरोप आला: उशा आणि लोकरीची पांघरुणं पाठव. ऑस्विन नवा पंखा आखत होता, लहान पात्यांचा पण जास्त पिळाचा, म्हणजे शेपूट वर राहिलं तरी तो पाण्यातच राहील. बाबा त्याचा साचा घडवायला मदत करत होते. ज्यांनी कित्येक वर्षं हत्यार हातात धरलं नव्हतं ते लाकडाची पाती तासत होते. पिवळ्या पाइनची. फेरीबोटवाला सांगायचा, बाबांच्या दाढीत भुसा असतो.

"बिछाना नेला," मथायस म्हणाला.

"तूच पाठवलंस त्यांना तिकडे."

"मी?"

"मग कोणी? चांगलं चाललेलं असतं तर म्हातारा कंटाळून परत आला असता. बिघडलेल्याजवळच माणूस बसतं."

तो खिडकीशी गेला. मग म्हणाला, "ओतकाम कधी आहे?"

"उद्या सकाळी."

"नवा पंखा बसवला आणि टाकी मी भरली तर बोट अडखळणार. पंखा उथळ पाण्यासाठी केलेला, आणि शेपूट खोल. जुन्याच पंख्यावर टाकी नाही भरली तर ती कायमची नाचरी. आणि टाकी न भरता, नव्या पंख्यानं बरी धावली..."

"तर ऑस्विननं वाचवली म्हणतील."

"हो."

"मग सांग त्यांना."

"चिडतील."

"चिडू देत."

"माझ्यावर चिडतील," तो म्हणाला, आणि मला त्याच्या आवाजात चक्क उत्सुकता ऐकू आली. "तू चल माझ्याबरोबर."

*

फेरीबोटीत: तो, मी, कोबीची टोपली घेतलेली एक बाई.

"तब्येत बरी नाही का, मिस्टर थर्लवे?"

"बरी आहे."

"रंग उडालाय. धाकट्यांकडे चाललात? देवमाणूस. आमच्या ह्यांचा हात भाजला तेव्हा स्वतः घरी आले होते."

मी मथायसच्या हातावर हात ठेवला. त्यानं तो, सभ्यपणे, बाजूला केला.

*

ओतशाळेत जमिनीत साचा पुरलेला. लोखंड वितळून लाल-पांढरं झालं होतं, मोठी बादली साखळीवर टांगलेली. ऑस्विन शर्टाच्या बाह्या वर करून उभा. बाबा त्याच्या शेजारी, दाढीत खरंच भुसा.

"अरे, दादा! वहिनी! या, या, लांब उभ्या राहा, ठिणग्या उडतात."

"थांबव," मथायस म्हणाला.

"काय?"

"ओतू नका. पाठची टाकी अर्धी रिकामी होती."

भट्टीचा आवाज होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. साखळी धरलेल्या माणसानं साखळी घट्ट धरली.

"टेटनं भरली म्हणून सांगितलं," बाबा म्हणाले.

"मी सांगायला लावलं. मी मुद्दाम पुरती भरली नाही. तुम्ही नदीपलीकडून बोटभर कल ओळखायचात. बोटभर! आणि त्या दिवशी हातभर शेपूट वर होतं, तुम्ही तिच्या अंगाला लागून चढलात आणि बघितलंसुद्धा नाहीत."

बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"बघितलं होतं."

"काय?"

"गाडीतून उतरायच्या आधीच बघितलं. टेटला विचारलं, टाकी भरली? तो म्हणाला, भरली. म्हटलं, टाकी भरूनही शेपूट वर, म्हणजे धडच चुकलं. मथायस मागे जास्त फुगवून बसला. वय होतंय त्याचं." त्यांनी डोळे चोळले. "खाली जाऊन ऑस्विनला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, लोकांसमोर दादाचं धड चुकलं असं व्हायला नको. पंखा चुकला म्हणू. मी नवा करतो, त्याच्या धडाला जुळेल असा."

कोणीतरी खोकलं.

मथायस वळून ऑस्विनकडे बघू लागला. ऑस्विनचा काळा चेहरा उजळत चालला होता, वेड्यासारखा.

"म्हणजे धड बरोबर आहे?" तो म्हणाला. "दादा! म्हणजे तुझं धड बरोबर आहे रे! मी रात्र रात्र विचार करत होतो, ह्यानं असं कसं आखलं, ह्याचा हात कसा चुकेल..."

आणि तो येऊन माझ्या नवऱ्याच्या गळ्यात पडला. मथायसच्या पांढऱ्या कॉलरवर काजळीचे पाच डाग उठले. मथायसचे हात खाली लोंबत होते.

"आता ओरडा ना," मथायस बाबांना म्हणाला, भावाच्या खांद्यावरून. "बाबा. ओरडा माझ्यावर."

बाबा बादलीकडे बघत होते.

"ते लोखंड गार होण्याआधी कशात तरी ओता," ते माणसांना म्हणाले. "शेगड्यांच्या जाळ्या करा. वाया घालवू नका."

*

दुसरी चाचणी: जुना पंखा, भरलेली टाकी. बशीतला कप हलला नाही. मिस्टर प्रॉसरनी तिला विकत घेतलं आणि तिच्यासारख्या आणखी सांगितल्या. पेपरात आलं: सुंदर धड, उत्कृष्ट इंजिन. मथायसनं ते वाचून दाखवलं नाही. मी वाचलं. धड आधी छापलं होतं. तेही मी त्याला सांगितलं.

"क्रमानंच लिहितात," तो म्हणाला. "आधी धडच बांधतात."

*

रविवार. बाबा परत ह्या काठावर झोपायला लागले होते. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"रंगाऱ्याला सांगितलंय. दोन्ही फाटकांवर पाटी बदलेल. मथायस थर्लवे आणि भाऊ."

 ऑस्विन हसत होता. त्यानं ग्लास उचलला, पाण्याचा, आमच्या घरात दुसरं काही उचलत नाहीत.

मथायस हसला नाही. ज्या वाक्यासाठी त्याचं सगळं आयुष्य घासासारखं घशाशी अडकून होतं ते वाक्य त्याच्या ताटात पडलं होतं आणि तो त्याला काट्यानं उलटं करून बघत होता.

"का?" त्यानं विचारलं.

"का म्हणजे? थोरला आहेस."

"टाकीनंतरसुद्धा?"

"टाकीच्या आधीच ठरलं होतं."

"बाबा, त्याला आधी विचारलंत?"

"दादा, सोड ना," ऑस्विन म्हणाला.

"तू गप्प. बाबा, आधी त्याला विचारलंत का?"

बाबा खोटं बोलणारे नव्हते. तो आमच्या घरातला सगळ्यात मोठा दोष.

"विचारलं," ते म्हणाले. "पहिल्या चाचणीच्याही आधी."

"काय म्हणाला?"

"नको म्हणाला. दादाला द्या म्हणाला. त्याला ते लागतं."

ऑस्विन ताटाकडे बघत होता, कान लाल. भिंतीवरच्या अर्ध्या बोटी सगळ्या एकाच दिशेला तोंड करून होत्या. मी टेबलाखालून मथायसचा गुडघा शोधला. मला वाटलं, आता हा उठेल, खुर्ची मागे ढकलेल, म्हणेल, नको मला. एकदा तरी म्हणेल. मी मनातल्या मनात म्हणतही होते, म्हण, म्हण, आपण दोघं जाऊ कुठंतरी, तू आणि मी, दुसऱ्या नदीवर.

पण त्यानं नाही म्हटलं असतं तर पाटी ऑस्विनला गेली असती.

"अक्षरं सोनेरी करा," मथायस म्हणाला.